दोन अंगणांतली पाटी

आमच्या नेब्रास्कात नगर परिषदेच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापत नाहीत. त्यामुळे मी उभी राहिले तेव्हा मी कुणाची, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवलं. व्हर्जिल कट्टर रिपब्लिकन, शेजारचा क्लेटन कट्टर डेमोक्रॅट. टीव्हीवरच्या एका चर्चेवरून भांडून दोघांनी बोलणं टाकलेलं. आणि दोघांनीही अंगणात पाटी लावली ती माझ्याच नावाची!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हर्जिल उपटलेली पाटी घेऊन माझ्या दारात.

"डोरीन, त्या क्लेटनकडेही हीच पाटी आहे. म्हणजे तू त्यांचीच निघालीस!"

"अरे, मी आहे तिथेच आहे. तोच तुमच्याकडे वळलाय, एवढंही कळत नाही तुला?"

व्हर्जिलची छाती फुगली. घरी जाऊन त्याने पाटी पुन्हा रोवली, पहिल्यापेक्षा खोल.

मी दणक्यात निवडून आले. निकाल लागला तसे ते दोघे बिअर घेऊन कुंपणापाशी आले आणि कित्येक वर्षांनी त्यांनी हात मिळवले. हरलेल्याला मोठ्या मनाने माफ करावं, तसा व्हर्जिलचा चेहरा होता.

क्लेटनचाही तसाच. व्हर्जिल पाटी घेऊन आला, त्या दिवशी सकाळीच तोही पाटी उपटून माझ्या दारात येऊन गेला होता.