तिसऱ्या पानावरची बस

निवृत्तीनंतर बाबांना विरंगुळा म्हणून लेकीने भविष्यातल्या एका भयाण शहराची कादंबरी आणून दिली. उभी हयात बस चालवलेले बाबा तिसऱ्याच पानावर अडले, ते आठवडाभर पुढे सरकेनात.

“घाबरलात की काय? खरी भीती तर पुढे आहे. पहारे, कॅमेरे...”

“ते असू दे गं. इथल्या बसला ड्रायव्हरच नाही. सेकंद भरला की दार बंद, आणि सुटली! मागून कोणी जीव खाऊन धावत येत असेल तर?”

“त्याला दुसरी मिळेल की, बाबा.”

“बस मिळेल गं. पण मला तुझी आई कुठली मिळायला!”

आतल्या खोलीतून आई म्हणाली, “चांगलं शंभर पावलं पळवलंत, तेव्हा कुठे ब्रेक दाबलात!”