विसाव्या अध्यायातला समुद्र

"ताई, माशांनी खाल्लं असेल तर?"

इरीनीने हातातला खडू फळ्याच्या कडेला ठेवला. सलग पाचवा शुक्रवार. मिस्सेची प्रार्थना आटोपली की लोक खाली अंगणात ‘फूल’ नावाची उसळ आणि रोटी खाऊन चर्चच्या वरच्या खोलीत येऊन बसत, आणि इरीनीने तोंड उघडायच्या आत मागच्या बाकावरून सिदहोमकाकांचा हात वर होई.

बायबलमधलं शेवटचं, प्रकटीकरणाचं पुस्तक तिने हट्टाने शिकवायला घेतलं होतं. "त्यापेक्षा शुभवर्तमान घे," असं चर्चचे धर्मगुरू, अबूना मर्कोरियस, म्हणाले होते. "शेवटच्या काळाचं नाव काढलंस की लोक तारखा मागतात." तारीख कुणीच मागितली नाही. सात शिक्के, सात कर्णे, सगळं सुरळीत पार पडलं. स्वर्गातून उतरणारं सोन्याचं शहर एका अध्यायावर आलं होतं. त्याचे बारा दरवाजे तिने रंगीत कागदाचे करून ठेवले होते. आणि गाडी विसाव्या अध्यायातल्या एका वचनात रुतली: न्यायाच्या दिवशी समुद्र आपल्या पोटातले मेलेले परत देईल.

पहिल्या शुक्रवारी तिने सोपं उत्तर दिलं होतं.

"काका, इथे समुद्र म्हणजे खरा समुद्र नव्हे. ते चिन्ह आहे. खवळलेली राष्ट्रं, माणसांचा गोंधळ."

"म्हणजे पाण्यातून कुणी वर येणार नाही?"

"तसा त्याचा अर्थ नाही."

"नक्की?"

"नक्की."

काकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते सगळ्यांसमोर ढसाढसा रडले.

वर्ग सुटल्यावर तिथेच बसणाऱ्या नाजीच्या आईने तिला जिन्यात गाठलं. "तुझ्या जिभेला काही हाड? तो माणूस रशीद बंदरातून इथे अलेक्झांड्रियाला आलाय. मागच्या वर्षी तिथून इटलीला निघालेली बोट बुडाली, तेव्हापासून काळा सदरा त्याच्या अंगावरून उतरलेला नाही. त्याचं कुणीतरी अजून सापडलं नसणार. आणि तू म्हणतेस, वर येणार नाही!"

"त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"असलं कुणी सांगतं का? दिसतं ते."

 इरीनी तडक अबूनांकडे गेली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "चिन्ह असेलही," ते म्हणाले. "पण मेलेल्यांचे देह उठणार, हे आपण प्रत्येक मिस्सेत म्हणतो. तेवढं तरी त्याला दे, पोरी."

पुढच्या शुक्रवारी तिने भर वर्गात माफी मागितली. "मी चुकले, काका. समुद्र खराच. एकूणएक जण परत येईल."

तिला वाटलं होतं, त्यांचा चेहरा उजळेल. काकांनी नुसती बाकाची कड घट्ट धरली.

तिथून वाद सुरू झाला. मीठ हाडं खातं, काका म्हणाले. ज्याने मातीतून माणूस घडवला, त्याला मीठ कसलं आड येतंय, ती म्हणाली. तिथे पाणी फार खोल आहे. त्याला तळ दिसतो. काहींची तर नावंही कुणाला ठाऊक नव्हती. त्याला सगळी ठाऊक आहेत.

ती काम करायची त्या औषधांच्या दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ती जुन्या धर्मगुरूंची जाडजूड पुस्तकं उघडून बसे. प्रत्येक शंकेला तिने नवा पुरावा शोधून आणला, आणि दर शुक्रवारी काका आदल्या शुक्रवारपेक्षा जास्त खचलेले दिसत. बावीस जणांचा वर्ग नऊवर आला. "ताई, त्या सोन्याच्या शहरात आम्ही जिवंतपणी पोचणार का?" असं कुणीतरी विचारलं आणि सगळे हसले. इरीनीला हसू आलं नाही. एका माणसाला धीर देता येत नाही, तर आपण इथे उभं तरी कशाला राहायचं?

आणि आज मासे.

"काका, तुम्हाला हवंय तरी काय?" तिचा आवाज चढला. "महिनाभर मी तुमच्यासाठी डोकं फोडतेय. माशांनी खाऊ दे, वाळूत गाडलं जाऊ दे, उठणार म्हणजे उठणार! तुम्ही विश्वास का ठेवत नाही?"

 नाजीच्या आईने डोळे वटारले.

इरीनी ओशाळली. बाकांमधून वाट काढत ती मागे गेली आणि काकांच्या शेजारी बसली. त्यांचा हात तिने हातात घेतला. तो थंडगार होता.

"किती जण होते, काका?"

"बरेच."

"लहान मुलंही?"

"अकरा. एक तर अंगावर पिणारं."

तिला पुढे विचारवेना. 

"मग ऐका. पुस्तकातलं नाही, माझ्या मनातलं सांगते. याच अंगानं, याच चेहऱ्यानं उठतील ते. ते पिणारं बाळसुद्धा. एकही पाण्यात राहणार नाही. तुमच्यासमोर येऊन उभे राहतील."

"मला बघतील?"

"बघतील."

"ओळखतील?"

"पाहताक्षणी."

"बोलतील?"

"बोलतील, काका. देवासमोर, ज्याला जे सांगायचंय ते सगळं."

काकांनी हळूच आपला हात सोडवून घेतला.

"ताई," ते म्हणाले, "ती बोट मी चालवत होतो. पाणी शिरलं तेव्हा जीव वाचवायला होडी एकच होती, आणि ती घेऊन मी एकटा निघून आलो."