फक्त आडनाव

नोकरीच्या अर्जांवरचं आडनाव झाकणारं छोटंसं अ‍ॅड-ऑन हितेशनं गुडगावच्या ऑफिससाठी बनवलं होतं. त्यात आता गाव झाकायचीही सोय हवी, म्हणून तो परीक्षित सरांच्या केबिनमध्ये उभा होता.

“कशाला फुगवतोस यार? आडनाव झाकलं की झालं.”

“सर, इंटरव्ह्यू घेणारे गावावरूनही जात ओळखतात.”

“ओळखत असतील दुसरीकडे. आपल्याकडे कोण बघतं जात?” सरांचा आवाज चढला. “अ‍ॅड-ऑन आहे तेवढंच राहील. बिल्कुल हात लावायचा नाही.”

हितेश दाराकडे वळला. सरांनाच जरा वाईट वाटलं असावं.

“अरे बस, चहा घे. इथे मराठी माणूस भेटतो कुठे! तुझ्या आडनावावरून काही अंदाज येत नाही रे. मूळ गाव कुठलं तुमचं?”