जायफळावरची रेघ

जायफळावरची पेन्सिलीची रेघ नाहीशी झाली होती.

अनुपमाने जायफळ खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा पाहिले. बाळगुटीत जायफळाचा एकच वेढा घ्यायचा, सहाणेवर एकदाच गोल फिरवायचे. तेवढ्याने मूल शांत झोपते. जास्त झाले तर गुंगी येते, हे तिने पुस्तकात वाचले होते. म्हणून रोज सकाळी ती जायफळाच्या झिजलेल्या टोकाजवळ बारीक रेघ ओढून ठेवी. एका वेढ्याने त्या रेघेला धक्का लागत नसे. आज रेघेचा मागमूसही नव्हता.

पाळण्यात चार महिन्यांची गोदा झोपली होती. साडेअकराला झोपलेली, आता तीन वाजायला आले होते.

गुटी उगाळायची ती पार्बताबाई. बाळाला तेल लावून न्हाऊ घालायला ती रोज येई, दुपारी घरी जाई आणि दिवेलागणीच्या आधी परत येई. सासूबाई हयात नव्हत्या. त्यांचे नावच तेवढे नातीला ठेवले होते. यजमान वसंतराव दाव्यासाठी अकोल्याला गेलेले. नागपूरच्या कॉलेजातून बी.ए. झालेली अनुपमा ही अंबापेठेतली एकमेव सून. पण बाळाला पडसे झाले आणि तिचा धीर सुटला. सहा रात्री ती पाळण्याशी बसून होती. नवऱ्याच्या १९३८च्या डायरीत तासातासाला ताप आणि श्वास लिहीत होती.

"काचेची कांडी लावू लावू लेकराले ताप आनसान तुमी," ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करता करता पार्बताबाई सकाळीच म्हणाली होती. "पडसं कवाच गेलं. आता काहून जागून राह्यल्या?"

"खात्री नको का व्हायला?"

"मा बाई! बी.ए. झालेल्या मायचं लेकरू झालं तरी शिंकनारच ना जी!"

तिने पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून पाहिली, मग बाळाची छाती शेकली.

"आणि जायफळ एकच वेढा हं, पार्बताबाई. मी पाहते."

"पाहा, माय, पाहा. पाह्याशिवाय दुसरं करून काय राह्यल्या तुमी?"

दुपारी जाताना तिने नेहमीसारखा कोमट दुधाचा पेला अनुपमाच्या हाती दिला होता. अनुपमाने तो पाळण्यावरची नजर न काढता तीन घोटांत संपवला. दूध जरा तुरट लागले. सुंठ घातली असेल.

आता तिने गोदाच्या तळपायाला हलकीच टिचकी मारली. गोदाने पाय ओढून घेतला, दूध चोखल्यासारखे ओठ हलवले आणि पुन्हा झोपली. अनुपमाने तिच्या नाकाखाली बोट धरले. श्वास येत होता. पण किती सावकाश! की आपल्यालाच तसा वाटतो आहे?

डॉक्टरांना आणावे म्हणून ती उठली. रस्त्याने सरकी काढायच्या जिनाकडे कापसाच्या बैलबंड्या चालल्या होत्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज जवळ यायचा, मग पाण्याखाली गेल्यासारखा बुडायचा. खिडकीतून रुईचे पांढरे तंतू तरंगत आत येत होते. मागच्या परसात संत्र्याचे एकच झाड होते, पण त्याच्या फुलांचा वास घरभर भरला होता. तिचे पायही रुईचे झाल्यासारखे झाले. भीतीने होते असे, तिने स्वतःला समजावले. साठ श्वास मोजायचे आणि निघायचे. ती पाळण्याच्या दांडीवर डोके टेकून बसली.

एक. दोन. सात. अकरा. अकरानंतर सतरा येतात. सतरा झाडांवर पांढरी फुले होती. मोर्शीच्या मळ्यातली, माहेरची. फुलांतून कोणीतरी सहाण फिरवत होते आणि सहाणेबरोबर मळाही हळूहळू गोल फिरत होता. आई कुठून तरी म्हणत होती, उठू नकोस गं, अजून ऊन आहे. रेघ शोधायची आहे, असे अनुपमाला सांगायचे होते. पण तोंडात फूल होते, आणि फूल तुरट होते.

जिनाचा सहाचा भोंगा झाला.

अनुपमा दचकून उठली. ती जमिनीवर होती, डोक्याखाली उशी होती, अंगावर पातळ गोधडी होती. ही कोणी घातली? पाळणा रिकामा होता.

"गोदा!"

ती धावत परसात आली. संत्र्याच्या झाडाखाली पार्बताबाई पाय पसरून बसली होती. तिच्या मांडीवर गोदा तिच्या चांदीच्या पाटल्या चावत होती, मधेच खुदकन हसत होती. बाजूला दूध पाजायचे बोंडले रिकामे पडले होते.

अनुपमाने झडप घालून बाळ उचलले, छातीशी धरले, डोळे पाहिले, कपाळ पाहिले. मग तिचा आवाज फुटला.

"जायफळ जास्त उगाळलंत तुम्ही! रेघ गेली माझी. खोटं बोलू नका."

"काहून बोलू खोटं? चांगलं सात येढे उगाळलं."

"सात!"

"लेकरू तर नाक मोकळं झालं म्हनून झोपलं." पार्बताबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. बाळाची लाळ तिने पदराने पुसली आणि त्याच पदराने अनुपमाच्या गालावर उमटलेला उशीचा वळ पुसायला गेली. आजवर तिने अनुपमाला कधी एकेरीत हाक मारली नव्हती.

"हिच्या गुटीत नाई टाकलं, पोरी. तुह्या दुधात टाकलं."