अर्धवट मजकूर

बाबांनी एका बोटाने वीस मिनिटं खपून लिहिलेला मजकूर लेकीच्या डोळ्यांदेखत गायब झाला. बाबांना त्याचं काहीच वाटलं नाही. त्यांनी कोऱ्या चौकटीत ‘ठीक आहे’ एवढंच टाइप केलं आणि पाठवून दिलं. समोरच बसलेल्या लेकीच्या पर्समध्ये तिचा फोन वाजला.

आई गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, तिला रोज हेच यायचं. ठीक आहे. आधी ती चिडली, मग रडली, मग तीही नुसता अंगठा पाठवू लागली. माणूस एवढा कोरडा होतो? होत असेल बापडा! आजही ती काही बाबांना भेटायला आली नव्हती. फोनसाठी आली होती. ती बनवत असलेल्या मेसेजच्या ॲपमध्ये जुन्या फोनवर लिहिलेलं उडून जातं, अशा तक्रारींचा ढीग लागला होता. साहेब म्हणाले, एखादा जुना फोन पैदा करा कुठून तरी. स्वतःचा जुना फोन तिने बाबांच्या गळ्यात मारला होता, तो आठवला. येऊन म्हणाली, “बाबा, मला काहीतरी लिहा ना. मी नुसती बघते.”

आणि आता दिसलं. बाबा लिहिता लिहिता कुंडीतल्या रोपाचा फोटो काढायला उठले. कॅमेरा उघडला तशी फोनची मेमरी संपत आली. अशा वेळी फोन मागे उघड्या राहिलेल्या ॲपला बजावतो, जागा मोकळी कर. मग ॲपने काय टाकायचं नि काय ठेवायचं, हे तिनेच चार वर्षांपूर्वी घाईघाईत लिहिलं होतं. तिने सरसकट सगळंच टाकायला लावलं होतं. अहो, चित्रं इंटरनेटवरून पुन्हा आणता येतात. न पाठवलेलं लिखाण कुठून आणणार? एवढी साधी गोष्ट या शहाणीच्या डोक्यात आली नव्हती.

“बाबा, हे रोज असं होतं?”

“लांबलचक लिहिलं की जातं. दोन शब्द राहतात.”

“तुम्ही रोज लांबलचक लिहिता?”

“मग काय तर! सकाळभर दुसरं काम काय असतं मला?”

“अहो, मग एका शब्दाने सांगितलं का नाहीत? दोन वर्षं!”

बाबा ओशाळले.

“ॲप तुझंच ना गं? मला वाटलं, तुला वाचायला वेळ नसतो, म्हणून तूच पुसतेस.”