सालीचा अर्क

याही खेपेला अर्काने काही केलं नाही. ज्योत्स्नाने काचपट्टी सरकवून पुन्हा पाहिलं. सिकलसेलच्या त्या रक्तपेशी वाकड्या त्या वाकड्याच.

चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत ती महिनोन्महिने या एकाच सालीच्या मागे लागली होती. साल उन्हात वाळवली, मग सावलीत. पाण्यात उकळली, स्पिरिटमध्ये भिजवली, गाळली, आटवली. जिवाचं रान केलं. रक्त तिच्या मुलाचं, पियुषचंच होतं.

दवाखान्याच्या औषधाला पियुषचा आजार दाद देत नव्हता. दुखणं उठलं की पोरगा ओरडायचा, "आई वं, पाय तोडून टाक माहे." डॉक्टरांनी हात टेकले होते.

पण धानोऱ्याकडच्या जंगलातल्या एका गावात अंकुश नावाचा तरुण होता. त्यालाही हाच आजार. गावचे पुजारी लालसूभाऊ यांची सालीची पूड सुरू झाली आणि तो आता धानाच्या रोवणीला चिखलात उतरत होता. ज्योत्स्नाने हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग आईचं मन तिथे अडकणार नाही तर कुठे?

तिने पियुषसाठी पूड मागितली, तेव्हा लालसूभाऊंनी एवढंच विचारलं होतं, "दवाखान्याचं चालू हाय?"

"हो."

"मंग माही पूड नाई चालत त्याले."

साल मात्र पोतंभर दिली. पुजाऱ्याचं पथ्य म्हणून ज्योत्स्नाने ते मुकाट्याने मानलं. आता सालीतून औषध आपणच काढायचं, एवढी एकच आशा उरली होती.

पियुषला पुन्हा भरती केलं, तशी ती लालसूभाऊंच्या अंगणात जाऊन बसली.

"भाऊ, अर्कात काहीच उतरत नाई. तुम्ही पूड कशी करता, तेवढं दाखवा. माहं पोरगं हातचं चाललं."

"दाखोलं तं गुण जाते, बाई."

"कोणाले सांगत नाई. पाया पडते तुमच्या."

लालसूभाऊ उठले. मग त्यांनी उखळ ओढलं, साल बारीक कुटली. ज्योत्स्ना डोळ्यांत प्राण आणून पाहत होती.

"साल नुसती कडूपणासाठी," ते हळूच म्हणाले. आत जाऊन त्यांनी एक डबा आणला. "दवाखान्याचं म्हटलं का लोकं फेकून देतेत. मले देवाचा मानतेत, माह्या हातचं खातेत. अंकुशच्या नावानं दवाखान्यातून मीच घेऊन येतो."

त्यांनी एक कॅप्सूल उघडून उखळात रिकामी केली.

ज्योत्स्नाने डबा हातात घेतला. पियुषला याच कॅप्सूल चालू होत्या.