शेवंतीचे हात

"माझे ओठ कसेतरीच होतायत गं," ताई म्हणाली आणि हातातला निशिगंध तसाच धरून बसून राहिली.

धाकटीने मान वर केली नाही. हॉटेलची फुलं दुपारी जायची होती आणि पिवळ्या शेवंतीचा अर्धा ढीग अजून बाकी होता. बहिणींच्या त्या फुलांच्या दुकानात दोन टेबलं होती आणि मध्ये नळ. ताईला शेवंती चालत नसे. नुसता हात लागला तरी कोपरापर्यंत गांधी उठत, डोळे सुजून बारीक होत. म्हणून गुलाब, निशिगंध, लिली ताईच्या टेबलावर आणि शेवंती, झेंडू, सूर्यफूल धाकटीच्या. इकडून तिकडे जायचं तर आधी नळाखाली हात धुवायचे आणि ताईपुढे धरायचे, आधी तळवे, मग पाठ. ताई शाळेतल्या बाईंसारखी निरखून बघायची आणि मान हलवायची. मगच पुढे पाऊल टाकायचं. गिऱ्हाइकांना याची गंमत वाटे. या दोघींना वाटत नसे.

"तुझ्या त्या कॅप्सूलने पोट हलकं होणार होतं ना?" ताई म्हणाली. "इथे जीभच जड झालीय."

आता धाकटीने पाहिलं. ताईचा खालचा ओठ एका बाजूने टरारून फुगला होता. गळ्यावर लाल चट्टे होते आणि ते वर सरकत होते.

कॅप्सूल धाकटीनेच आणली होती. जेवण झालं की ताईचं पोट गच्च व्हायचं, आणि डँडेलियन नावाच्या कुठल्याशा झाडाच्या मुळाने बरं वाटतं असं एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. औषधाच्या दुकानदाराने रीतसर विचारलंसुद्धा होतं, कसली ॲलर्जी वगैरे? "आहे ना, फुलांची. शेवंतीची," धाकटी म्हणाली होती. "पण हे मूळ आहे ना?" मूळच आहे, तो म्हणाला, झाडपाल्याने कुणाचं काय बिघडतं. विषय तिथेच मिटला. डॉक्टरांना विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. आज चहाबरोबर तिनेच पहिली कॅप्सूल ताईच्या तळहातावर ठेवली होती. हात धुऊन.

तिने बाटली ओढली. पुढच्या बाजूला तपकिरी मुळांचं चित्र. तेवढंच पाहून तिने ती घेतली होती. तिने बाटली फिरवली. मागे, बारीक अक्षरांच्या खाली, एक पिवळं फूल होतं.

हे फूल तिच्या ओळखीचं होतं. दुकानाच्या पायरीच्या फटीतून ते उगवायचं आणि ती ते उपटून फेकायची. सुकलं की त्याची म्हातारी होऊन वाऱ्यावर उडायची. विकायचं फूल नव्हे, म्हणून नाव कधी विचारलं नव्हतं. पण एका फुलात शेकडो बारीक फुलं दाटीवाटीने बसलेली, ही ठेवण रोज तिच्या बोटांखालून जायची. शेवंतीचीच भावकी. इतकी वर्षं हात धुतले आणि शेवटी तिने ते ताईच्या तोंडातच घातलं.

फोनची बटणं सापडेनात. ॲम्ब्युलन्सवाल्यांना पत्ता सांगताना रोजचा रस्ता तिला आठवेना.

"कुणाला बोलावतेस?" ताईचा आवाज घोगरा झाला होता, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. "उगीच गाजावाजा करू नकोस. मुळी तर आहे."

"ताई, बोलू नकोस. श्वास घे."

"घेतेच आहे. तूच घेत नाहीयेस."

हे ती हसत म्हणाली. मग खोकली. त्यानंतरच्या श्वासाला बारीक शिट्टी होती. ती शिट्टी ताईनेही ऐकली असावी, कारण तिचं हसू गेलं. तिच्या हातातून निशिगंध गळून पडला आणि तिने धाकटीकडे हात पुढे केला.

धाकटी धावली आणि वाटेत थांबली. तिचे हात मनगटापर्यंत पिवळे होते.

तिने नळ सोडला. साबण निसटला, पुन्हा उचलला. नखांत पिवळं अडकलं होतं, ते निघेना. पाठीमागे शिट्टी वाजत होती, थांबत होती, आणि ती थांबली की धाकटीचे हातही थांबत. मागे वळून बघायचा तिला धीर होत नव्हता. लहानपणापासून कधी वाटली नव्हती इतकी भीती तिला वाटत होती.

ॲम्ब्युलन्सची माणसं आली तेव्हाही ती नळापाशीच होती. त्यांनी ताईच्या मांडीत सुई टोचली, तोंडावर मास्क बसवला, पाय पसरवून तिला टेकून बसवलं. एकाने विचारलं, काय घेतलं होतं? धाकटीने बाटली दाखवली. त्याने फूल पाहिलं, टेबलावरचा ढीग पाहिला आणि बाटली खिशात टाकली.

"आता?" तिने विचारलं.

"आता बघायचं. जवळ बसा त्यांच्या. हात धरा, घाबरल्यात त्या."

धाकटीने पुन्हा एकदा हात धुतले. मग ताईपुढे गुडघे टेकून आपले दोन्ही हात तिच्यासमोर धरले, आधी तळवे, मग पाठ. ताईचे डोळे सुजून मिटले होते. धाकटी तशीच हात पुढे धरून राहिली, ताईने मान हलवण्याची वाट बघत.